किल्ली नसलेली गाडी

"किल्ली?" गाडी घ्यायला आलेल्या दातांच्या डॉक्टरने हात पुढे केला.

"हिला किल्ली नसते," गाडीचा मालक, एका कारखान्यातला टर्नर, म्हणाला.

"मग एवढ्या वर्षांत चोरीला कशी नाही गेली?"

"चोराला चालू करता आली पाहिजे ना."

डॉक्टर हसला. टर्नरही हसला, पण सकाळपासून त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. टाकी तीनदा पुसून झाली होती, तरी फडकं या हातातून त्या हातात चाललंच होतं. जुनी इंग्लिश मोटारसायकल. तिचे निम्मे सुटे भाग त्याने स्वतः लेथवर केले होते. विक्रीच्या कागदांवर सह्या झाल्या होत्या. आता धास्ती एकाच गोष्टीची होती. किक उजव्या पायाची, आणि दोन वर्षांपूर्वीच्या ऑपरेशनपासून उजवा गुडघा कामातून गेलेला. किक मारता येत नाही, हे त्याने कुणाला कळू दिलं नव्हतं. गाडीचा कंटाळा आला, असं सगळ्यांना सांगितलं होतं. बायकोलाही.

"एकदा चालू करून दाखवा ना."

"गाडी तुमची झाली. तुम्हीच करा," म्हणून त्याने वेळ मारून नेली.

डॉक्टरने किक मारली. मग दातओठ खात मारली. मग कोट काढून मारली. गाडी ढिम्म.

"कार्ब्युरेटरवरचं ते बारीक बटण दाबा, पेट्रोल बोटाला लागेपर्यंत. हँडलवरची ती ठिणगीची दांडी थोडी मागे," टर्नर सांगत होता, आणि सांगता सांगता त्याचाच पाय उचलला जात होता.

"बरेच दिवस नुसती उभी आहे का हो?" घामाघूम डॉक्टरने विचारलं. त्याच्या आवाजात आता शंका होती.

टर्नर पुन्हा टाकी पुसू लागला. तेवढ्यात त्याची बायको ओले हात पुसत बाहेर आली. कुणाला काही न विचारता तिने बटण दाबलं, बोटाचा वास घेतला, दांडी अर्ध्यावर आणली. किक हलकेच दाबून जागा चाचपली आणि एकदाच मारली. गाडी चालू झाली.

"उभी नाही राहू दिली मी," ती डॉक्टरला म्हणाली. "दर गुरुवारी हे पायाच्या व्यायामाला जातात ना, तेव्हा चालू करते."

म्हणजे चोर घरातच होता. आणि गुडघ्याचंही तिला सगळं ठाऊक होतं. टर्नरला लाज वाटली, आणि त्याहून जास्त तिच्या पायाचा हेवा वाटला.

डॉक्टर गाडी घेऊन निघाला. दोघं फाटकाशी उभे राहिले. वळणाजवळ आवाज बदलला.

"दुसरा गियर घाईने टाकला," ती म्हणाली.

तो तेच म्हणणार होता. एकतीस वर्षं ती मागे बसत आली होती.

"एवढं येत होतं, तर चालवायला कधी मागितली का नाहीस?"

आवाज पुरता विरेपर्यंत ती ऐकत राहिली.

"तुम्ही उतरलात कधी?"