देवाचं गाजर

"हा गुरांचा चारा पुन्हा माझ्या पानात वाढू नकोस!" कीर्तनकार बुवांनी गाजर-काकडीची ताटली बायकोकडे ढकलली.

"अहो, साखर वाढलीय. पायाची जखम भरत नाही. पाय गेला तर कीर्तनाला उभं कोण राहील?"

"कीर्तनाला बुवा लागतो, ससा नव्हे!"

दुसऱ्या दिवशी तीच ताटली तुळशीपत्र ठेवून देवापुढे होती.

"कच्चा नैवेद्य?" बुवा कडाडले.

"मग केळी काय उकडून दाखवता?"

प्रसाद नाकारणं पाप, हे गावोगावी सांगणाऱ्या बुवांनी एरंडेल प्यावं तसं तोंड करून काकडी चावली. गाजरावर पिळायला मात्र हळूच लिंबू मागितलं.

आठवड्याने गाजरं संपली. देवापुढे नुसता वरणभात पाहून बुवा खेकसले, "काही भक्तिभाव आहे का? देव केव्हाचा गाजरासाठी खोळंबलाय!"