तपासणीचा दिवस

"आई, सही केली की माझ्या लेकीवर शिक्का बसतो," माझा मुलगा अर्ज बाजूला सारत म्हणाला.

शाळेच्या विशेष शिक्षिकांनी पुन्हा समजावलं, "तुमची मृण्मयी हुशार आहे. फक्त लिहिता-वाचताना तिची अक्षरांची गल्लत होते. अर्ज आजच गेला तर परीक्षेत लेखनिक मिळेल, वेळही वाढवून मिळेल."

मला खुर्चीत बसवेना. मीही तीस वर्षं चौथीला शिकवलं. साहेब तपासणीला येणार असले की कच्च्या मुलांना आम्ही आदल्या दिवशी बजावायचो, "उद्या येऊ नका." कौसल्येला तोंडी सगळं यायचं, पाटीवर एक ओळ उतरायची नाही. तिलाही तसंच सांगितलं. ती परत कधीच आली नाही. बोलवायला गेले, तर दारातूनच म्हणाली, "बाई, तुम्हीच नको म्हणालात ना?"

"शिक्का कागदाने बसत नाही रे," मी म्हणाले आणि मुलाला कौसल्येबद्दल सांगितलं.

"काहीतरीच! तुला तर आदर्श शिक्षिकेचा पुरस्कार आहे."

"त्याच तपासणीनंतर मिळाला. माझ्या वर्गात एकही मूल कच्चं निघालं नव्हतं."

माझ्याकडे न बघता त्याने अर्ज पुढे ओढला आणि सही केली.