सोमवारचा आकडा

वीजकपातीच्या त्या उन्हाळ्यात उचगावच्या देवळाच्या कमिटीनं सांगून टाकलं, पंख्यांची वीज निम्म्यावर आणा, नाहीतर दुपारचं कीर्तन बंद. गारव्यासाठी छप्पर बदलायचं की भिंत फोडायची, हे ठरवायला देवळाचा कारभार बघणारे गुंडूतात्या महिनाभर कीर्तनाच्या आधी आणि नंतर मीटर वाचून वहीत आकडे मांडत राहिले. आणि बघतात तर काय, दर सोमवारी आकडा निम्मा!

पुढच्या सोमवारी त्यांनी देवळाला फेरी मारली. मागच्या भिंतीतली, एरवी पल्याडून लावलेली खिडकी सताड उघडी होती आणि गार वारा थेट सभामंडपात शिरत होता; निम्मे पंखे लोकांनीच बंद केले होते. पल्याड पत्र्याचे डबे बनवणारा मौलाली आपल्या दुकानात मांडी घालून बसलेला.

"मौला, ही खिडकी रोज का उघडत न्हाईस रं?"

"रोज पत्रा ठोकतोय न्हवं, तात्या! तुमच्या अभंगात खडखडाट कशाला? सोमवारी दुकान बंद असतंय, म्हणून उघडून ऐकत बसतोय की."

छपराचा विषय तात्यांनी तिथंच सोडला आणि गवंड्याकडून तीच खिडकी दुप्पट मोठी करून घेतली.



काम झाल्यावर मंगळवारी बुवा कीर्तनाला उभे राहिले, तेव्हा पंखे तात्यांनी बंद केले आणि हातोडा मौलालीनं.