राजपुत्राचा शेवट

"डोळे पुसा गं सटव्यांनो!" गोदाक्का ओरडल्या. "एक टिपूस गळलं, तर माझा पोरगा गेलाच म्हणून समजा."

टीव्हीत राजपुत्र रणांगणावर पडला होता. चेहरा आणि आवाज टीव्हीनं गोदाक्कांच्या वारलेल्या लेकाचा, रंगनाथचा लावलेला. चार वर्षं रोज त्याला बघून त्या जगल्या. आज मालिकेचा शेवट. घराघरातली आसवं मोजून टीव्ही त्या त्या घरापुरता शेवट ठरवणार होता. माया दिसली की पोराला राखतील, म्हणून गोदाक्कांनी अख्खी आळी रडायला गोळा केली होती.

"आत्याबाई, उलटं आहे ते," सून कुंदानं आत्ताच रडकुंडीला येऊन सांगितलं होतं. "ज्या घरात आसवं जास्त, तिथं राजपुत्राला मारतात."

बायकांनी पदर तोंडात कोंबले. पडद्यावरचा आसवांचा आकडा उतरू लागला. राजपुत्राची बोटं हलली. त्यानं डोळे उघडून थेट गोदाक्कांकडे बघितलं.

"आई, जेवलीस का?"

रंगनाथच्या मयतालाही गोदाक्कांनी चारचौघांत डोळ्याला पदर लावला नव्हता. आताही त्यांनी ओठ दाताखाली दाबला, मान ताठ केली. पण गालावरून ओघळ सुटला तो थांबेना.

राजपुत्राची बोटं पुन्हा निपचित पडली.