तपासणी फुकट

"तपासणी अगदी फुकट आहे, काका," काउंटरवरची मुलगी म्हणाली.

फुकट म्हटल्याबरोबर काकांनी खिसा चाचपला. दातांच्या दवाखान्यात फुकट तपासणी म्हणजे काय प्रकार असतो, हे त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. माणूस एका दाढेसाठी आत जातो आणि पाच दाढांचं बिल घेऊन बाहेर येतो.

म्हणून तर ते आज असे आले होते. पायात घरातल्या झिजक्या चपला, अंगात चुरगळलेला शर्ट, घड्याळ काढून खिशात. भारी घड्याळ दिसलं की समोरचा माणूस बोलणं बदलतो.

घरी बायकोची दाढ ठणकत होती. सकाळी गाल धरून ती म्हणाली होती, "दवाखाने काय कमी आहेत का? न्या की हो कुठेतरी!"

"त्यातल्या एकाच्याही हातात तुझं तोंड देणार नाही. आधी मी बघून येतो."

"तुमच्या संशयापायी एक दिवस जीव जाईल माझा."

काकांनी काउंटरवर कोपर टेकलं. "कॅपचा दर काय?"

"ते डॉक्टरच सांगतील. मी परवाच लागलेय इथे." मुलगी कसंनुसं हसली आणि तिने भिंतीकडे बोट दाखवलं. भिंतीवर पाटी होती, एका कॅपवर दुसरी निम्म्या दरात. चपलांचं दुकान परवडलं, तिथे निदान पाय मोजून तरी घेतात.

बाकावर शेजारी शिवणकाम करणारी एक बाई बसली होती. गळ्यातली मोजपट्टी काढायचंही तिला भान राहिलं नव्हतं.

"यांच्याच पुलापलीकडच्या शाखेत गेले होते," ती गाल दाबत म्हणाली. "एक दाढ दुखत होती, तर त्या भल्या माणसाने चार दाढांवर कॅप चढवल्या. आणि दुखणारी दाढ राहिली ती राहिलीच!"

"मग परत यांच्याकडेच कशाला?"

"इथली डॉक्टर चांगली आहे हो. उगाच काही करत नाही."

"असं कोण म्हणतं?"

"सगळेच म्हणतात. बघा ना, बसायला जागा नाही."

काकांनी बाकांवरून नजर फिरवली. खरंच जागा नव्हती. त्यांचा संशय कमी व्हायच्या ऐवजी बळावला.

आत गेल्यावर त्यांनी डॉक्टरला नीट न्याहाळलं. त्यांच्या मुलीच्या वयाची पोर. कोपर उसवलेला पांढरा कोट. तिने फोटो काढला, पडद्यावर लावला, आरसा घेऊन दाढ न् दाढ तपासली.

तेवढ्यात काउंटरवरच्या मुलीने दारातून डोकं आत घातलं. "डॉक्टर, मॅनेजरसाहेबांचा फोन होता. आज एकही कॅप झाली नाही म्हणून ओरडत होते."

डॉक्टरने दार लोटून घेतलं.

काका मनात म्हणाले, आता सुरू होणार. "ही मागची दाढ फार त्रास देते," ते मुद्दाम कण्हले. "रूट कॅनाल करा, कॅप बसवा, काय ते करा. पैशाची काळजी नको."

"नको, काका. दाढ ठणठणीत आहे तुमची."

"आणि तो काळा डाग?"

"वरवरचा आहे. त्याच्यावर बोट ठेवून मी तुम्हाला घाबरवू शकते. पण कशाला? हिरडी थोडी सुजलीय. मिठाच्या पाण्याने गुळण्या करा, मऊ ब्रश घ्या. झालं."

काका खुर्चीत उठून बसले. "सगळ्यांना असंच सांगता?"

"ज्यांना गरज नसते, त्यांना."

"आणि वरून ओरडा बसतो तो?"

ती हातमोजे काढत राहिली. मग हळूच म्हणाली, "माझ्या बाबांच्या चांगल्या दाढा अशाच कोणीतरी घासून टाकल्या. आता ते घास चावत नाहीत, नुसता गिळतात. माझ्याच्याने नाही होत ते, काका." तिने हातमोजे टोपलीत टाकले. "पण त्यांचं औषधपाणी, घर, सगळं याच नोकरीवर चाललंय. तेव्हा हात जोडते, बाहेर कुठे बोलू नका. मालकांच्या कानावर गेलं तर मी रस्त्यावर येईन."

पोरगी खरं बोलत होती, शंकाच नको. सकाळपासून काकांच्या डोक्यात भुणभुणणारा भुंगा एकदाचा गप्प झाला.

"कोणाला सांगू मी, पोरी?" ते म्हणाले. "निर्धास्त राहा."

बाहेर आल्यावर मोजपट्टीवाल्या बाईने डोळ्यांनीच विचारलं, काय?

"जा बिनघोर," काका म्हणाले. "डॉक्टर सोन्यासारखी आहे."

दवाखान्यापासून दोन गल्ल्या सोडून ते थांबले. खिशातलं घड्याळ काढून मनगटावर चढवलं. ड्रायव्हरने गाडीचं दार उघडलं. मागच्या सीटवर टेकून त्यांनी फोन लावला.

"मॅनेजर, पेशंट येत नाहीत म्हणून कमाई पडली, असं सांगत होता ना तुम्ही? माझा दवाखाना माणसांनी ओसंडतोय. ती पोरगीच सगळ्यांना गुळण्या सांगून घरी पाठवते."

पलीकडे मॅनेजर चाचरला. "मला वाटलंच होतं, साहेब. आजच नारळ देऊ का तिला?"

"आज नको. उद्या आमच्या हिची दाढ तिच्याकडून बघून घेतो. मग द्या."