वाढीव माप

“काकू, अजून एक थर घाला,” ती म्हणाली.

टेलरबाईंची सुई थांबली. “ताई, ड्रेस शिवायचाय की गादी?”

ती हसली नाही. अस्तराखाली कापूस धरून आरशासमोर वळून वळून बघत राहिली.

या दुकानात तिच्याएवढा घेर दुसऱ्या कुणाचा नव्हता. नवरा बोटीवर इंजिनिअर. सुट्टीवर आला की तिला इथे घेऊन यायचा. टेप टेलरबाईंच्या हातात असायची, पण आकडा तो वाचायचा. पहिला नंबर आलेल्या पोराचा निकाल वाचावा तसा. “चार इंच वाढली! माझ्या हातचं अंगी लागतं हिच्या.” मग फोटो काढून ग्रुपवर टाकायचा. जाड बायकांची कदर करणाऱ्यांचा ग्रुप म्हणे. कुणी खाऊ घालणारे, कुणी खाणाऱ्या. “आमच्यात नियम कडक आहेत, मॅडम,” त्याने एकदा ऐकवलं होतं. “बाईच्या मर्जीशिवाय एक घास नाही.” हे सांगतानाही त्याची नजर बायकोवर नव्हती, फोनवर होती.

टेलरबाईंना दोघांचीही किळस होती. त्यातही तिची जरा जास्तच. तोंड तर तिचंच ना? मिटायला काय धाड भरते? असं मनात म्हणत त्या नवऱ्याच्या सांगण्यावरून शिलाईत चार बोटं जास्त कापड सोडायच्या.

या खेपेला तो बोटीवर गेला आणि तिची साखर चारशेवर गेली. पायाच्या अंगठ्याची जखम भरेना. असंच चाललं तर पाय काढावा लागेल, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं. तिने खाणं आवरलं. तो दर रविवारी फोन करून वजन विचारायचा, ती ठोकून द्यायची. सहा महिन्यांत ती फोनवर एकशे चाळीस किलोची झाली आणि काट्यावर एकशे पाचची.

“सरळ सांगून का टाकत नाही?” टेलरबाईंनी विचारलं.

“मागे टायफॉइडनं उतरले होते, काकू. तीन महिने जवळसुद्धा आला नाही माणूस. उद्या येतोय तो, थेट इथेच. तेवढा दिवस निभावून न्या. पुढचं मी बघते.”

टेलरबाई चरफडल्या, पण थर घातला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो बॅगेसकट थेट दुकानात उतरला. नवा ड्रेस घालून उभ्या असलेल्या बायकोला बघून चेहरा असा फुलला की विचारू नका. हात आधी पोटावर गेला. गाल बसले होते, गळ्याची हाडं वर आली होती, अंगठ्याला पट्टी होती. शेंबड्या पोरालाही दिसलं असतं. हा मात्र कंबर चाचपत होता, दाबत होता, मान डोलवत होता.

“आकडा सांगा, मॅडम!”

टेलरबाईंनी सांगितला. त्याने पोटाचाच फोटो काढला, डोकं वगळून. “लोक बायकांना उपाशी मारतात. आम्ही बघा कसं जपतो.” अंगठा फोनवर टकटक करत होता, दुसरा हात अजून कापसावरून फिरत होता.

ती त्या हाताकडे बघत राहिली. मग पडद्याआड गेली. बाहेर आली ती साध्या कपड्यांत. फुगलेला ड्रेस तिने त्याच्या दोन्ही हातांवर ठेवला.

“घ्या. हिलाच घेऊन जा घरी.”

त्याने ड्रेस दाबून पाहिला. तिच्याकडे पाहिलं. तोंडाचा रंगच उडाला.

“अगं, पण मी ग्रुपवर टाकलंय!”

फोन वाजायला लागला, कौतुकावर कौतुक येऊन पडत होतं. फोटो पुसून टाकायला तो घाईघाईने दुकानाबाहेर गेला. ड्रेस काखेतच होता.

टेलरबाईंनी स्टूल पुढे सरकवलं. ती बसली.

“मला काही कळेना, ताई,” टेलरबाई म्हणाल्या. “त्याला पत्ताही लागला नव्हता. निभावलं होतं की सगळं. मग काढलात कशाला?”

तिने खाली बघत अंगठ्याची पट्टी नीट केली.

“मला वाटलं होतं, काकू, हात लावला की ओळखेल.”