नवरीची घागर

"आई, बाबांच्या तंबूत घागर मिळाली गं! नवी कोरी!" राजकन्या धावतच आली.

राणीला हायसं वाटलं. निघायच्या घाईत लग्नाची घागर घरीच राहिली होती, आणि ग्रीक रिवाजाप्रमाणे झऱ्याचं पाणी घागरीने अंगावर घेतल्याशिवाय मुलगी नवरी होत नाही. लढाईला निघालेल्या राजाची गलबतं वारा पडल्याने बंदरात अडकली होती. देवीचा कोप म्हणे. तरीही त्याने लेकीचं लग्न ठरवून दोघींना छावणीत बोलावून घेतलं, याचंच राणीला कौतुक वाटत होतं.

झऱ्यावर लेकीने घागर भरायला घेतली, तसं सगळं पाणी तिच्या पायांवर सांडलं.

"अगं आई, हिला बूडच नाही!" ती खिदळली.

राणी हसली नाही. अशी घागर कुंभार एकाच कामासाठी घडवतो : लग्नाआधी गेलेल्या मुलीच्या थडग्यावर ठेवायला.

वर टेकडीवर, बळीसाठी रचलेल्या वेदीपाशी, राजा त्यांच्याकडे पाठ करून उभा होता.

"आता गं, आई?"

राणीने घागरीखाली आपले दोन्ही तळवे घट्ट लावले.

"भर," ती म्हणाली.